दाखला खरा, तारीख चुकीची: आरक्षित जागांच्या भरतीत उमेदवार नेमके कुठे अडकतात

कागदपत्र पडताळणीत ‘प्रवर्गाचा दावा अमान्य’ असा शेरा मिळालेले बहुतेक उमेदवार खोटे नसतात. जात खरी असते, उत्पन्न मर्यादेत असतं, दाखलाही तहसील कार्यालयातून रीतसर निघालेला असतो. फक्त त्यावरची एखादी तारीख जाहिरातीतल्या तारखेशी जुळत नाही. मग निवड यादीतून नाव जातं आणि प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातं. तिथे पहिला प्रश्न ‘तुमची जात कोणती’ हा नसतो. ‘जाहिरातीत काय लिहिलं होतं’ हा असतो.

ही भांडणं समजून घ्यायची तर तीन तारखा वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली, तुम्ही त्या प्रवर्गात कोणत्या दिवशी बसायला हवं. दुसरी, दाखला कोणत्या तारखेपर्यंत निघालेला किंवा कोणत्या तारखेला वैध हवा. तिसरी, तो कागद कार्यालयापुढे कधी ठेवायचा. उमेदवार या तिन्हींची मिसळ करतात. दुर्दैवाने जाहिराती लिहिणारेही करतात, आणि निम्मे वाद तिथेच जन्माला येतात.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राबद्दल आहेत, म्हणजे उमेदवार मागास प्रवर्गातल्या उन्नत गटात (क्रिमीलेअरमध्ये) मोडत नाही असं सांगणाऱ्या दाखल्याबद्दल. एका जाहिरातीत असतं: ‘अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास वैध असलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आवश्यक.’ दुसरीत असतं: ‘नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र कागदपत्र पडताळणीच्या वेळी सादर करावे.’ पहिल्या वाक्यात वैधतेची तारीख बांधलेली आहे, मग कागद तुम्ही सहा महिन्यांनी दाखवा. दुसऱ्यात फक्त दाखवण्याची वेळ सांगितली आहे. वैधता कोणत्या तारखेची याबद्दल जाहिरात गप्प आहे. दुसरं वाक्य वाचून ‘पडताळणीपर्यंत काढला तरी चालेल’ असं समजणारे पुष्कळ असतात. कधी चालतं, कधी नाही. त्याच जाहिरातीच्या आठव्या-नवव्या पानावर ‘सर्वसाधारण अटी’त ‘सर्व पात्रता अर्जाच्या अंतिम दिनांकास गणण्यात येतील’ अशी ओळ असेल तर मामला तिथेच संपतो. म्हणून जाहिरातीत ‘दिनांक’ हा शब्द शोधा आणि तो जिथे जिथे येतो ती प्रत्येक ओळ वेगळी लिहून काढा. शुद्धिपत्रकांचंही तेच करा.

जाहिरात काहीच बोलत नसेल तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली भूपिंदरपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात दिलं आहे. आधी सेवाप्रवेश नियमांत पात्रतेची तारीख आहे का ते बघायचं. नसेल तर जाहिरातीत दिलेली तारीख. तीही नसेल तर अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख. मुलाखतीची, निकालाची किंवा पडताळणीची तारीख आपोआप पात्रतेची तारीख होत नाही.

मुदतवाढीतही एक फट आहे. अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी वाढली की पात्रतेची तारीखही सरकली असं सगळे गृहीत धरतात. पण जाहिरातीत पात्रतेसाठी आकड्यात वेगळी तारीख छापलेली असेल आणि शुद्धिपत्रकाने फक्त अर्जाची मुदत वाढवली असेल, तर पात्रतेची तारीख जागच्या जागी राहू शकते. शुद्धिपत्रकाने नेमका कोणता परिच्छेद बदलला आहे ते वाचूनच ठरवा.

प्रत्येक दाखल्याचा स्वभाव वेगळा

जातीचा दाखला सगळ्यात निवांत. जात जन्माने मिळते आणि ती दरवर्षी बदलत नाही, त्यामुळे उपविभागीय अधिकाऱ्याने दिलेल्या जात प्रमाणपत्राला मुदत नसते. इथे अडचण येते ती दाखला काढतानाच, कारण महाराष्ट्रात मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेपूर्वीचा, वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना गाव नमुना शोधण्यात महिने जातात. जाहिरात आल्यावर ही शोधाशोध सुरू केली तर अंतिम दिनांक गाठणं अवघडच.

नॉन-क्रिमीलेअरची गोष्ट निराळी. ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नाही’ ही स्थिती आहे आणि स्थिती बदलते. म्हणून या दाखल्यावर मुदत छापलेली असते, साधारणपणे कुठल्या तरी ३१ मार्चपर्यंत; एका वर्षाची किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांची. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागत नाही. बाकी मागास प्रवर्गांना लागतो.

सगळ्यात जास्त विकेट कशी पडते ते एका कल्पित उदाहरणात पाहू. अर्ज भरण्याचा काळ २५ मार्च ते १५ एप्रिल. उमेदवाराकडे २० फेब्रुवारीला निघालेला दाखला आहे, वैधता ३१ मार्चपर्यंत. तो २७ मार्चला अर्ज भरतो, त्या दिवशी दाखला वैध आहे, तोच अपलोड करतो आणि निर्धास्त होतो. जाहिरात मात्र ‘अंतिम दिनांकास वैध’ म्हणते. १५ एप्रिलला त्याचा दाखला मेलेला आहे. पुढे पडताळणीला तो मे महिन्यात काढलेला नवा दाखला देतो. त्याची वैधता निघण्याच्या तारखेपासून धरली तर १ एप्रिल ते मे अशी पोकळी राहते आणि १५ एप्रिल नेमका त्या पोकळीत येतो. अर्ज भरला त्या दिवशी दाखला वैध होता हा युक्तिवाद कामाचा नाही, कारण मोजायचा दिवस तो नव्हताच.

त्यामुळे दाखला हातात आला की त्यावर तीन गोष्टी बघाव्यात: निघाल्याची तारीख, वैधतेची अखेर, आणि कोणत्या तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न धरलं आहे. उशिरा निघालेल्या दाखल्यात धरलेली वर्षं अंतिम दिनांकाच्या आधीचीच असतील, तर ‘स्थिती आधीपासून होती, फक्त कागद नंतर मिळाला’ असं म्हणायला निदान आधार मिळतो. तो आधार पुरेसा ठरेल का, ते पुढे येतंच.

दाखल्याला उशीर होण्याचं एक नेहमीचं कारण उत्पन्नाच्या हिशेबातला घोळ हे असतं. आठ लाखांची मर्यादा तपासताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचं नसतं. व्यवसाय, भाडं, व्याज असं इतर उत्पन्न धरायचं असतं. नोकरदार पालकांसाठी पगाराचा आकडा नाही, तर पद बघतात: आई किंवा वडील थेट भरतीने गट अ मध्ये आहेत का, दोघेही गट ब मध्ये आहेत का, वगैरे. म्हणजे गट क मधल्या कर्मचाऱ्याचा पगार आठ लाखांच्या वर गेला तरी केवळ त्यामुळे मुलगी क्रिमीलेअरमध्ये जात नाही. तरीही सेतू केंद्रावर पगारासकट उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, अर्ज परत येतो आणि तीन आठवडे उडतात. विवाहित उमेदवार महिलांच्या बाबतीत निकष आई-वडिलांच्या स्थितीचा असतो, नवऱ्याच्या पगाराचा नाही. तिथेही हीच चूक होते. शिवाय माहेरच्या आणि सासरच्या नावांचा मेळ लावणारं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडलेलं नसेल तर वेगळीच त्रुटी निघते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ईडब्ल्यूएस, हा हिशेब उलटा करतो. इथे पगार, शेती, धंदा सगळं धरायचं आणि फक्त मागच्या एका आर्थिक वर्षाचं. कुटुंबात उमेदवार, त्याचे आई-वडील, अठरा वर्षांखालील भावंडं, जोडीदार आणि अठरा वर्षांखालील मुलं येतात. नॉन-क्रिमीलेअरचे नियम डोक्यात ठेवून ईडब्ल्यूएसचा अर्ज भरणारे इथे फसतात.

ईडब्ल्यूएसमध्ये वर्षाची चूक तर हमखास. दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो आणि त्याच्या आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर निघतो. अंतिम दिनांक १० मे २०२५ असेल तर २०२५-२६ साठीचा, २०२४-२५ च्या उत्पन्नावर आधारलेला दाखला हवा. फेब्रुवारीत काढलेला दाखला ३१ मार्चला संपलेला. एप्रिल-मे हा काळ म्हणूनच सर्वात धोक्याचा: जुना दाखला संपलेला, नव्यासाठी लागणारी उत्पन्नाची कागदपत्रं अजून तयार नाहीत, आणि नेमक्या तेव्हाच जाहिरातींच्या मुदती संपतात. ही अडचण उमेदवाराने निर्माण केलेली नाही, पण फटका त्यालाच बसतो.

नागरी सेवा परीक्षा २०२२ मध्ये हेच झालं. अर्जाचा अंतिम दिनांक २२ फेब्रुवारी २०२२ होता आणि २०२०-२१ च्या उत्पन्नावरचा दाखला त्या तारखेपर्यंत हातात हवा होता. काहींचे दाखले उशिराचे होते, काहींचे दुसऱ्या वर्षाचे. दिव्या विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाचा नकार कायम ठेवला. त्या परीक्षेच्या नियमांनुसार दाखला वेळेत जवळ असणं हाच पात्रतेचा भाग होता, तो नंतर जोडायचा नुसता पुरावा नव्हता, असं या निकालाचं सार आहे.

पात्रता आणि पुरावा

इथेच सगळ्या वादाची नाडी आहे. उमेदवाराचा वकील म्हणतो, पात्रता होती, पुरावा उशिरा आला. कार्यालय म्हणतं, पुरावा वेळेत असणं हीच पात्रता. दोन्ही बाजूंना निकाल सापडतात.

उमेदवाराच्या बाजूची परंपरा जुनी आहे. पदवी किंवा पदविका मुदतीच्या आत मिळालेली असेल तर तिचं प्रमाणपत्र मागाहून दिलं म्हणून माणूस अपात्र होत नाही, असा सूर १९८० च्या स्कारिया प्रकरणात होता. २००४ मध्ये डॉली छंदा प्रकरणात न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला: पात्रता ठरल्या दिवशी असलीच पाहिजे, तिच्यात सूट नाही, पण पुरावा सादर करण्याच्या बाबतीत परिस्थिती पाहून थोडी ढील देता येते. त्यानंतर आला २०१६ चा राम कुमार गिजरोया निकाल, जो आज प्रत्येक याचिकेत जोडला जातो. दिल्लीतल्या स्टाफ नर्स भरतीत इतर मागासवर्गाचा दाखला अंतिम दिनांकानंतर दिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने कौल दिला.

पण हा निकाल आंधळेपणाने वापरू नये. त्यात दाखला अंतिम दिनांकापूर्वीचा हवा ही अट मूळ जाहिरातीत नव्हती. ती भरतीचा निकाल लावताना पुढे आली. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले, हा त्यातला कळीचा मुद्दा. तुमच्या जाहिरातीत अट पहिल्या दिवसापासून ठळक छापलेली असेल तर गिजरोया तुमच्या फारसा कामाचा नाही. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे पाठवला होता, आणि अलीकडच्या निकालांचा कल एकूण कडकच आहे. त्याआधी २०११ मध्ये आसामच्या एका भरतीत, दिव्यांगत्वाचं ओळखपत्र उशिरा देणाऱ्या उमेदवाराच्या प्रकरणात, न्यायालयाने बजावलं होतं की शिथिलतेचा अधिकार नियमांत किंवा जाहिरातीत लिहिलेला नसेल तर एकट्यादुकट्यासाठी अट सैल करता येणार नाही. कारणही पटण्यासारखं आहे: ती अट वाचून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यावर तो अन्याय ठरतो.

तेव्हा आपली बाजू किती पक्की आहे हे ठरवताना स्वतःला विचारायचं ते असं. अट जाहिरातीत होती की नंतर आली? नियमांत शिथिलतेचं कलम आहे का, आणि ते याच भरतीत दुसऱ्या कोणासाठी वापरलं गेलं का? दाखल्यासाठी अर्ज अंतिम दिनांकाच्या आधी केला होता का, आणि त्याची पोचपावती आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर बाजू बरीच सुधारते, कारण मग उशीर कार्यालयाचा ठरतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. ती उलटली की अपील करता येतं. ‘आपले सरकार’ पोर्टलवरचा अर्ज क्रमांक, त्रुटी निघाल्याचा संदेश, त्रुटी पूर्ण केल्याची तारीख, या सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

नमुना चुकला तरी तेच

तारीख बरोबर आणि नमुना चुकीचा, ही दुसरी मोठी खाण. केंद्राच्या भरतीला इतर मागासवर्गाचा केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो, राज्याच्या भरतीला राज्याचा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि केंद्रात विमुक्त-भटक्यांचा वेगळा प्रवर्गच नाही. नाव केंद्रीय यादीत असेल तर ते तिथे इतर मागासवर्गात अर्ज करतात. मराठा समाजासाठी २०२४ च्या कायद्याने केलेला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे; केंद्राच्या भरतीत तो दाखला चालत नाही. उत्तर प्रदेश पोलीस भरतीतल्या वादात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जाहिरातीने मागितलेल्या नमुन्यातच प्रमाणपत्र हवं. समाजातला असणं एवढ्यावर आरक्षण मिळत नाही. त्या उमेदवाराने केंद्रीय नमुन्यातला दाखला दिला होता. कागद खोटा नव्हता, पण त्या भरतीसाठी मागितलेला नव्हता.

जात वैधता: मुदत नंतरची, पण टांगती

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यावर थांबता येत नाही. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने (महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३, सन २००१) पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे, आणि जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकला आहे. नियुक्ती बहुधा ‘वैधतेच्या अधीन’ मिळते आणि आदेशात मुदत लिहिलेली असते. प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं की चौकशीला वेळ लागतो, म्हणून समितीकडे अर्ज निवडीची वाट न पाहता आधीच करावा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता असेल तर वंशावळीसह ती जोडा. काम पुष्कळ हलकं होतं. जमातीच्या दाव्यांत पूर्वी चालीरीतींच्या ‘आप्तभाव’ चाचणीवर दावे धडाधड फेटाळले जात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नाही असं स्पष्ट केलं, आणि संविधानपूर्व काळातल्या नोंदींचं वजन मोठं राहिलं.

दावा अवैध ठरला तर दयेला जागा कमी आहे. २०१७ च्या भारतीय खाद्य निगमाच्या प्रकरणात (बहिरा निकाल) न्यायालयाने सांगितलं की राखीव जागेवर मिळवलेली नोकरी केवळ बरीच वर्षं झाली म्हणून वाचत नाही. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारला अशा कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांचा शासन निर्णय काढावा लागला. समितीच्या निर्णयाविरुद्ध मॅटमध्ये जाता येत नाही. थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागते.

नाव कापलं गेल्यावर

पडताळणीच्या टेबलावरच लेखी कारण मागा. ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढा शेरा मान्य करू नका. कोणता कागद, कोणत्या अटीमुळे, हे लिहून घ्या. हरकतीची खिडकी बहुतेक वेळा थोडे दिवसच उघडी असते. निवेदन त्या मुदतीत, पोच घेऊन द्यायचं, आणि त्यात अटीचा परिच्छेद क्रमांक लिहायचा. सोबत माहिती अधिकारात विचारायचं की याच भरतीत अशाच त्रुटीचे इतर दाखले स्वीकारले का.

खुल्या प्रवर्गात विचार होऊ शकतो का हेही लगेच पाहावं. गुण खुल्या यादीत बसत असतील आणि अर्जात मागास म्हणून वयाची सवलत घेतलेली नसेल तर ही वाट उघडी असू शकते. राज्याच्या बहुतेक भरतीत खुल्यासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. चाळीस वर्षांच्या उमेदवाराचा नॉन-क्रिमीलेअर उडाला की तो खुल्यातूनही बाहेर पडतो, कारण त्याचं वयच बसत नाही. पस्तिशीतल्याला निदान विचारता तरी येतं. अर्जात निवडलेला प्रवर्ग नंतर बदलून दुसरा मागास प्रवर्ग मागणं मात्र सहसा मान्य होत नाही.

दाद कुठे मागायची हे पदावर ठरतं. राज्य शासनाची पदं आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या शिफारशी असतील तर मॅट: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. केंद्राची पदं असतील तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. जिल्हा परिषद, महापालिका यांच्या भरतीसाठी सहसा थेट उच्च न्यायालय. चुकीच्या दारात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. तुम्ही निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहून पुढचं वर्ष मोजलं जातं. कागदावर हे ऐसपैस दिसतं. प्रत्यक्षात मात्र शिफारस यादी शासनाकडे गेली, नियुक्ती आदेश निघाले आणि माणसं रुजू झाली की जागा परत मिळवणं फार जड जातं. म्हणून अर्जासोबतच अंतरिम विनंती करावी की निकाल लागेपर्यंत त्या प्रवर्गातलं एक पद रिकामं ठेवावं. तुमची निवड झाली तर ज्याचं नाव कापलं जाईल, त्या उमेदवाराला प्रतिवादी करायला विसरू नका. बाधित होणाऱ्याला पक्षकार केलं नाही, एवढ्या एका कारणावरही अर्ज फेटाळला जातो. अर्जाला जोडायचं ते असं: पूर्ण जाहिरात, सगळी शुद्धिपत्रकं, भरलेल्या ऑनलाइन अर्जाची प्रत, वादातला दाखला दोन्ही बाजूंनी, आणि दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पोचपावती. दाखल्याची मागची बाजू पुष्कळ जण स्कॅन करत नाहीत. मागे काही छापलेलं असेल, विशेषतः वैधतेची ओळ, तर तीच वादाची ओळ असते.